दाताचं मूळ आणि एक्स-रेची सावली

दाताच्या मुळाचा खरा आकार शंभर टक्के कळायचा तर दात उपटून हातात घ्यावा लागतो, आणि तोवर रुग्णाला त्या माहितीचा काही उपयोग उरलेला नसतो. त्याआधी जे ठरवायचं ते एक्स-रे बघूनच. रूट कॅनॉल करताना मुळं किती आणि कुठे वळलेली, अक्कलदाढ काढताना तिची टोकं खालच्या शिरेला भिडलीत का, तारा लावलेल्या मुलाची मुळं झिजू तर लागली नाहीत ना, आणि जन्मदाखला नसलेला मुलगा अठराचा झालाय की नाही, हे सगळे प्रश्न शेवटी बोटाच्या पेराएवढ्या करड्या चित्रापाशी येतात.

हे चित्र फार कामाचं आहे. ते नसतं तर आजची दंतवैद्यकी उभीच राहिली नसती. पण त्याचा एक दोष जन्मजात आहे. एक्स-रे म्हणजे सावली. मुळाची लांबी आणि पुढून मागे असलेली रुंदी ती बऱ्यापैकी खरी सांगते. गालाकडून जिभेकडे जाणारी तिसरी मिती मात्र ती पूर्ण गिळून टाकते. पंचाईत अशी की मुळांची बहुतेक गुंतागुंत नेमकी त्या तिसऱ्या मितीत असते. मुळाच्या आकाराविषयी एक्स-रेवरून काय सांगता येतं आणि काय नाही, हा सव्वाशे वर्षांचा वाद या एका गोष्टीभोवतीच फिरतो आहे.

विल्हेल्म राँटगेनला हे किरण सापडले ते 8 नोव्हेंबर 1895 रोजी. शोध जाहीर झाल्यावर दोन-तीन आठवड्यांतच, जानेवारी 1896 मध्ये, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी ओटो वॉल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचं चित्र काढवून घेतलं. तोंडात काळ्या कागदात गुंडाळलेली काच धरून तो पंचवीस मिनिटं हलला नाही. आज तेच काम सेकंदाच्या काही अंशात होतं. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्सने 1896 पासूनच दवाखान्यात एक्स-रे वापरायला सुरुवात केली आणि 1899 साली मुळातल्या नळीत तार घालून, तिचं टोक कुठवर पोचलं ते चित्रात बघून मुळाची लांबी मोजली. मुळाच्या मोजमापासाठी एक्स-रेचा हा पहिला नेमका उपयोग. रूट कॅनॉल करताना दात उघडा असताना, आत फाइल, म्हणजे नळी घासायची बारीक सुई, ठेवून डॉक्टर मध्येच एक एक्स-रे काढतात ना, तो केल्सचाच वारसा. यंत्र जुळवण्यासाठी केल्स स्वतःचाच हात किरणांपुढे धरायचा. आधी बोटं गेली, मग हात गेला, आणि 1928 साली त्याने आत्महत्या केली. ही पद्धत सुरक्षित व्हायच्या आधी तिची किंमत कोणी मोजली, ते दंतवैद्यकीच्या विद्यार्थ्याला एकदा तरी सांगायला हवं.

याच काळात मुळाचा खरा आकार समजून घ्यायचा दुसरा रस्ता तोंडाबाहेर निघाला. झुरिकच्या वॉल्टर हेसने काढलेल्या दातांच्या नळ्यांत रबर भरलं, ते तापवून घट्ट केलं आणि मग आम्लात दात विरघळवून टाकले. हाती आले ते नळ्यांचे साचे. त्याचं काम 1917 साली जर्मनमध्ये आणि 1925 साली इंग्रजीत पुस्तकरूपाने आलं. ते बघून अनेकांच्या पायाखालची वाळू सरकली. एका मुळात एक सरळ नळी, ही पाठ्यपुस्तकातली समजूत त्या साच्यांनी मोडीत काढली. नळ्या फुटत होत्या, पुन्हा एकत्र येत होत्या, टोकाशी बारीक फाटे फोडत होत्या, आणि एक्स-रेवर यातलं फारच थोडं दिसत होतं.

मेक्सिकोच्या पिनेडा आणि कटलर यांनी ही तफावत आकड्यांत पकडली. 1972 साली त्यांनी काढलेल्या दातांमधल्या 7,275 नळ्यांचे एक्स-रे दोन्ही दिशांनी काढले: नेहमीच्या, म्हणजे गालाकडून, आणि तोंडात असताना कधीच मिळत नाही त्या, म्हणजे बाजूने. दोन्ही दिशांनी सरळ असलेल्या नळ्या निघाल्या अवघ्या तीन टक्के. दवाखान्यातल्या चित्रात सरळ दिसणारं मूळ खरंच सरळ आहे असं धरून चालणाऱ्याने हा आकडा पाठ करावा.

आता चित्र काढण्याच्या रीतीकडे वळू. मुळाच्या आकाराविषयीच्या निम्म्या चुका वाचणाऱ्याच्या नसून काढणाऱ्याच्या असतात. तोंडाची ठेवण अशी की फिल्म दाताला समांतर बसत नाही. टाळू आडवा येतो, जीभ आडवी येते. मग किरण कोणत्या कोनातून सोडायचा? सिएझिन्स्की या पोलिश डॉक्टरने 1907 साली तोडगा सुचवला: दात आणि फिल्म यांच्यातल्या कोनाचा दुभाजक कल्पायचा आणि किरण त्याला काटकोनात सोडायचा, म्हणजे लांबी खरी येते. कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्षात तो दुभाजक डॉक्टरच्या मनात असतो. कोन थोडा चढला की मूळ आखूड दिसतं, उतरला की लांबतं. ट्यूबचा कोन चुकल्याने आखूड दिसणारं मूळ आणि खरोखर झिजून आखूड झालेलं मूळ यांत नुसत्या चित्रावरून फरक करणं अवघड जातं. फिल्म दाताला समांतर ठेवून, ट्यूब लांब नेऊन चित्र काढायची पद्धत अमेरिकेत गॉर्डन फिट्झजेराल्डने 1947 च्या सुमारास रुळवली. त्यासाठी धरणी लागते, म्हणजे फिल्म किंवा सेन्सर नेमक्या जागी पकडून ठेवणारं प्लास्टिकचं साधन. ते महागही नसतं. तरी आपल्याकडच्या कितीतरी दवाखान्यांत आजही रुग्णालाच सांगतात, ‘बोटाने दाबून धरा.’ बोट दाबलं की फिल्म वाकते आणि वाकलेल्या फिल्मवर सरळ मूळही वाकलेलं उमटतं. सेन्सर वाकत नाही, पण सरकतो. मुळाच्या आकारावर मत द्यायचं असेल तर बोटाने धरलेल्या फिल्मवर देऊ नये, इतकं साधं आहे हे.

तिसऱ्या मितीवर सगळ्यात स्वस्त उपाय 1910 सालचा आहे. चार्ल्स क्लार्कने जबड्यात अडकलेला दात पुढे आहे की मागे, हे ओळखायला दोन चित्रं काढायची युक्ती सांगितली. एक चित्र समोरून, दुसरं ट्यूब आडवी थोडी सरकवून. ट्यूब ज्या दिशेला सरकवली त्याच दिशेला जिभेकडची वस्तू सरकलेली दिसते आणि गालाकडची उलट दिशेला. ग्रुप फोटोत पुढच्या माणसाच्या आड लपलेला मागच्या रांगेतला माणूस फोटोग्राफर एक पाऊल बाजूला झाला की दिसतो, तसंच हे. मुळांच्या बाबतीत हा नियम दंतवैद्यकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो, परीक्षेत हमखास विचारतात, आणि घाईच्या दवाखान्यात दुसरं चित्र काढायचं मात्र राहून जातं.

नीट काढलेलं चित्र वाचायचं कसं, ते एका दाढेवर बघू. खालची पहिली दाढ घ्या. सहाव्या वर्षी येते, सगळ्यात आधी किडते आणि रूट कॅनॉलसाठी सगळ्यात जास्त येते. चित्रात वरचा भाग पांढुरका, त्यावर चांदीची भर असेल तर ती पांढरीशुभ्र. खाली दोन मुळं, एक पुढचं, एक मागचं. प्रत्येक मुळाला लागून एक अगदी बारीक काळी रेघ दिसते. ती मुळाला हाडात धरून ठेवणाऱ्या तंतूंची जागा. तिच्या बाहेर पांढरी रेघ, ती हाडाची. अनुभवी डोळा आधी मुळाकडे जात नाही, या काळ्या रेघेवर जातो. ती मुळाच्या कडेने एकदाच खाली उतरत असेल तर मूळ बहुधा साधं. पण कडेच्या थोडं आत, मुळावरूनच आणखी एक काळी रेघ उतरताना दिसली तर तिथे एक तर मुळाला खोल खाच आहे किंवा मागे दुसरं मूळ लपलंय. त्यानंतर नळी बघायची. मधोमध रुंद काळी पट्टी खाली येत असते आणि अर्ध्या वाटेत एकदम पुसट होते किंवा नाहीशीच होते. नळी तिथे संपलेली नसते, दुभंगलेली असते. दोन बारीक नळ्या एकामागे एक पडल्या की काळेपणा फिका पडतो. खालच्या पहिल्या उपदाढेत हा प्रकार इतका नेहमीचा आहे की ती दाढ रूट कॅनॉलवाल्यांना सगळ्यात फसवी वाटते.

त्या मागच्या मुळामागे खरंच तिसरं मूळ असेल तर? जिभेच्या बाजूला, बारीक आणि बऱ्याचदा गालाकडे आकड्यासारखं वळलेलं. व्हिएन्नाच्या काराबेलीने 1844 सालीच त्याची नोंद केली होती, एक्स-रेच्या अर्धशतक आधी. चीन, तैवान, कोरिया इथे ते साधारण पाचातल्या एका माणसात सापडतं. युरोप, आफ्रिका आणि भारतातल्या बहुतेक पाहण्यांत शंभरात मोजकेच. आपल्याकडे दुर्मीळ, म्हणून आपल्याकडचे डॉक्टर ते शोधत नाहीत, आणि न सापडलेलं मूळ साफ न होता राहतं. रूट कॅनॉल होऊनही दाढ दुखतच राहते. समोरून काढलेल्या चित्रात हे मूळ मागच्या मुळाच्या बरोबर आड येतं. ट्यूब सरकवून काढलेल्या दुसऱ्या चित्रात बहुधा सुटं होतं.

याच मुळाचं एक टोक मानववंशशास्त्रात जाऊन पोचलंय. चीनच्या गान्सू प्रांतातल्या बाईशिया गुहेतल्या जबड्याचं संशोधन 2019 साली प्रसिद्ध झालं. वय किमान एक लाख साठ हजार वर्षं, वंश डेनिसोव्हन. त्याच्या खालच्या दुसऱ्या दाढेला तीन मुळं होती. आजच्या पूर्व आशियाई माणसांत दिसणारं तिसरं मूळ या नामशेष वंशाकडून आलं असावं, असं काही संशोधकांनी मांडलं. इतरांनी ते खोडून काढलं. ते मूळ आजच्या माणसांतल्या मुळासारखं नाहीच, असं त्यांचं म्हणणं. हा वाद मिटलेला नाही.

वरच्या पहिल्या दाढेचं दुखणं वेगळं. तिला तीन मुळं असतात, दोन गालाकडे, एक टाळूकडे. गालाकडच्या पुढच्या मुळात एकच नळी असते असं दंतवैद्य बरीच वर्षं धरून चालले. शिकागोच्या फ्रँकलिन वाइनने 1969 साली दाखवलं की निम्म्याच्या आसपास दाढांत तिथे दुसरी नळीही असते. नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण आणखी वर गेलं. ती नळी पहिलीच्या टाळूकडच्या बाजूला असते, म्हणजे एक्स-रेच्या नजरेने तिच्या बरोबर मागे. वर गालफडाचं हाड आणि सायनसची पोकळी चित्रात मिसळतात, ते वेगळंच. टाळूकडचं मूळ चित्रात सरळ, लांब आणि निरुपद्रवी दिसतं. प्रत्यक्षात ते टोकाशी बऱ्याचदा गालाकडे वळलेलं असतं आणि ते वळण नेमकं आपल्या नजरेच्या रेषेत येतं. माझ्या मते वरच्या दाढेच्या बाबतीत साध्या एक्स-रेवर सगळ्यात कमी विश्वास ठेवावा तो या टाळूकडच्या मुळावर, आणि नेमका तिथेच सगळे निर्धास्त असतात.

वळणाची मोजदाद 1971 साली श्नायडरने सोपी केली. नळीच्या वरच्या भागाची दिशा धरून एक रेघ, वळण सुरू होतं तिथून टोकापर्यंत दुसरी रेघ, आणि दोन्हींमधला कोन. पाच अंशांपर्यंत सरळ, दहा ते वीस मध्यम, पंचवीसच्या वर कठीण. पद्धत अजून वापरात आहे, कारण ती पट्टी घेऊन कोणालाही जमते. पण कोन सारखा असला तरी एक वळण सावकाश असू शकतं, दुसरं झटक्यात. 1997 साली प्रुएट आणि सहकाऱ्यांनी वळणाची त्रिज्या मोजायला हवी हे दाखवून दिलं, कारण निकेल-टायटॅनियमच्या फिरत्या फाइली मोडतात त्या झटक्याच्या वळणात. फाइल नळीत मोडली की पुढचा रस्ता बंद. हे दोन्ही आकडे अर्थातच एका दिशेच्या चित्रावरून काढलेले असतात. गालाकडचं वळण त्यांत धरलेलंच नसतं. ते वळण जास्तच असेल तर मात्र एक खूण मिळते. टोक आपल्या दिशेने किंवा उलट दिशेने वळलेलं मूळ चित्रात आखूड दिसतं आणि टोकापाशी एक गोल, आत काळा ठिपका असलेला, उमटतो. लहानपणी पडून दुधाचा दात हाडात घुसला की त्याखाली तयार होत असलेला वरचा पुढचा कायमचा दात असा वाकडा होऊ शकतो. पालकांनी ते पडणं विसरून गेल्यावर काही वर्षांनी एक्स-रेत ते उघडं पडतं.

मुळांची वाढ उंचीच्या दिशेने बिघडली असेल तर गोष्ट सोपी, कारण तीच दिशा एक्स-रे खरी सांगतो. काही दाढांचं धड लांबच लांब असतं, मुळं अगदी तळाशी फुटतात, आतली पोकळी मोठी असते. आर्थर कीथने 1913 साली क्रोएशियातल्या क्रापिना इथल्या निअँडरथल दातांत हे पाहून त्याला नाव दिलं. शॉने 1928 साली त्याच्या तीन पायऱ्या केल्या. आजच्या माणसांतही ते आढळतं; डाउन सिंड्रोम आणि क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये जास्त. साध्या एक्स-रेत ते लगेच ओळखू येतं, इतर कशाची गरज पडत नाही. खालच्या दुसऱ्या दाढेची दोन मुळं एकमेकांत मिसळून आत अर्धवर्तुळाकार फट तयार होते, ते मात्र याच्या अगदी उलट प्रकरण. कुक आणि कॉक्स यांनी 1979 साली त्यावर लिहिलं. चित्रात ती साधी, जोडलेल्या मुळांची दाढ दिसते. दात उघडून आत पाहिलं की फट दिसते. इथे एक्स-रे शंका निर्माण करतो, उत्तर देत नाही.

वर्गीकरणांचाही थोडा घोळ आहे. व्हर्टुचीने 1984 साली दोन हजार चारशे काढलेले दात पारदर्शक करून नळ्यांचे आठ प्रकार ठरवले. आज जगभरच्या, भारतातल्याही, असंख्य शोधनिबंधांत ‘व्हर्टुची प्रकार अमुक’ असं लिहितात. काढलेल्या पारदर्शक दातावर ठरवलेल्या प्रकारांची लेबलं तोंडातल्या एक्स-रेवर चिकटवणं मला नेहमीच धाडसाचं वाटत आलंय. प्रकार पाचवा की सातवा, हे साध्या चित्रावरून सांगणारा डॉक्टर अंदाजच सांगत असतो.

तारांच्या दवाखान्यात प्रश्न वेगळा असतो. मूळ कसं आहे यापेक्षा ते बदलतंय का, हे तिथे महत्त्वाचं. तारांनी दात सरकवताना मुळांची टोकं झिजू शकतात, हे अमेरिकेतल्या आल्बर्ट केचमने 1927 साली एक्स-रेंच्या आधारे दाखवलं आणि तेव्हापासून ऑर्थोडाँटिस्ट लोकांची झोप थोडी उडालेली आहे. बहुतेकांत झीज किरकोळ असते. स्वीडनच्या लेव्हांडर आणि माल्मग्रेन यांनी 1988 साली मांडलेलं निरीक्षण मोलाचं आहे. बोथट टोकाची आणि टोकाशी एकदम निमुळती झालेली मुळं जास्त झिजतात, आणि पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत झीज दिसली तर पुढे ती वाढण्याची शक्यता जास्त. म्हणजे सुरुवातीचं मूळ चांगल्या चित्रात नोंदलेलं असायला हवं. नेमकं इथेच आपल्याकडे ओपीजीवर भागवतात. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एका लांबट चित्रात. फिनलंडच्या युर्यो पाटेरोने ती पद्धत विकसित केली आणि 1960 च्या दशकात ती जगभर पसरली. तिच्यात एका ठरावीक पट्ट्यात बसणारं तेवढंच स्पष्ट येतं. पुढच्या दातांची मुळं त्या पट्ट्याबाहेर गेली की धूसर होतात, आणि झीज सर्वाधिक होते ती वरच्या पुढच्या दातांचीच. शिवाय सगळं चित्र वीस-तीस टक्के मोठं येतं, तेही सगळीकडे सारखं नाही. सुळे आणि उपदाढांची मुळं एकमेकांना समांतर आहेत का, हे ओपीजीवर ठरवताना म्हणून हात आखडता घ्यावा. ओपीजी घ्यावा, जरूर घ्यावा, पण वरच्या पुढच्या चार दातांचे छोटे एक्स-रे सोबत हवेत.

अक्कलदाढेच्या बाबतीत ओपीजीने स्वतःची जागा कमावली आहे. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळून ओठ आणि हनुवटीला संवेदना देणारी शीर जाते. ती दुखावली तर ओठ महिनोन् महिने बधिर राहू शकतो. रूड आणि शेहाब यांनी 1990 साली ओपीजीमधल्या खुणा तपासल्या. मुळावरून शिरेचा मार्ग जातो तिथे मूळ काळवंडणं, मार्गाची पांढरी कड तुटणं, मार्ग बाजूला वळणं, या खुणा धोक्याच्या. खुणा दिसल्या की पुढची त्रिमितीय तपासणी करायची, नाही दिसल्या तर नाही. ती तपासणी केल्याने प्रत्यक्षात शिरा कमी दुखावतात, असं तुलनात्मक चाचण्यांत मात्र ठामपणे दिसलेलं नाही. चित्र अधिक चांगलं म्हणजे परिणाम अधिक चांगला, असं गृहीत धरायची सवय लागली आहे. इथे ते गृहीतक लंगडं पडतं.

मुळांवरून वय ठरवणं हा विषय दवाखान्याबाहेरचा, पण महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांपासून न्यायालयांपर्यंत रोजचा. माँट्रियलच्या आर्टो डेमिर्जियानने 1973 साली खालच्या डाव्या सात दातांच्या वाढीच्या आठ पायऱ्या ठरवल्या. त्यांतल्या शेवटच्या पायऱ्या सगळ्या मुळाच्या: मूळ किती लांबलं, टोक बंद झालं की उघडं आहे. पुढे त्याच पायऱ्या अक्कलदाढेला लावल्या गेल्या. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 94 नुसार आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. हा क्रम योग्यच आहे. डेमिर्जियानची मुलं फ्रेंच कॅनेडियन होती. त्यांची कोष्टकं भारतीय मुलांना लावली की वय जास्त येतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं. अक्कलदाढेचं मूळ पूर्ण व्हायचं वय साधारण अठरा ते एकवीस, पण कोणात आधी, कोणात उशिरा. वैद्यकीय चाचणीने ठरलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक धरावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 सालीच म्हटलं आहे. अहवालात ‘वय अठरा वर्षे’ असा एकच आकडा लिहिणारा डॉक्टर त्या मुलाचं मोठं नुकसान करू शकतो.

1998-99 च्या सुमारास इटलीत मोझ्झो आणि जपानमध्ये आराई यांनी आपापल्या परीने दाखवलेली सीबीसीटी ही पद्धत आल्यावर तिसरी मिती एकदाची हाती आली. ट्यूब डोक्याभोवती एक फेरी मारते आणि संगणक हव्या त्या दिशेने काप दाखवतो. वरच्या दाढेची दुसरी नळी, लपलेलं तिसरं मूळ, टाळूकडचं वळण, सगळं समोर येतं. पुणे-मुंबईत हे यंत्र आता सहज मिळतं, जिल्ह्याच्या गावीही पोचू लागलंय. मर्यादाही कळून आल्या आहेत. आत गट्टापर्चाची भर किंवा धातूची खुंटी असेल तर तिच्याभोवती पांढऱ्या-काळ्या पट्ट्या पडतात आणि मुळाला तडा आहे की नाही, हे ज्या दातात बघायचं तिथेच चित्र बिघडतं. अमेरिकेतल्या रूट कॅनॉल आणि दंत-रेडिऑलॉजी तज्ज्ञांच्या संघटनांनी 2010 साली आणि पुन्हा 2015 साली संयुक्त भूमिका मांडली. आधी साधे एक्स-रे, मग गरज असेल तर लहान क्षेत्राचा सीबीसीटी, सरसकट नाही. मला हे पटतं. पण आपल्याकडे क्रम दोन्ही टोकांनी मोडतो. कुठे दुसरा साधा एक्स-रेही निघत नाही, कुठे पहिल्याच भेटीत अख्ख्या जबड्याचा स्कॅन.

संगणकाने आकार ओळखण्याचे प्रयोगही सुरू झालेत. जपानमध्ये हिराइवा आणि सहकाऱ्यांनी 2019 साली 760 खालच्या पहिल्या दाढांचे ओपीजी संगणकाला शिकवले आणि मागच्या बाजूला जादा मूळ आहे का, ते ओळखायला सांगितलं. खरं उत्तर सीबीसीटीवरून माहीत होतं. संगणक सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास बरोबर आला, तज्ज्ञ रेडिऑलॉजिस्टपेक्षा थोडा वरचढ. आकडा भारी वाटतो. पण त्या दाढांत जादा मूळ एकवीस टक्क्यांत होतं. जिथे ते शंभरात तीन-चारच सापडतं तिथे तोच संगणक किती खोट्या धोक्याच्या घंटा वाजवील, हे इथल्या चित्रांवर तपासल्याशिवाय त्याचं सॉफ्टवेअर दवाखान्यात विकायला कोणी येऊ नये.

राहिला किरणांच्या भीतीचा प्रश्न, आणि तो रुग्ण सगळ्यात आधी विचारतात. चांगल्या पद्धतीने काढलेल्या एका छोट्या डिजिटल एक्स-रेचा डोस साधारण पाच मायक्रोसिव्हर्ट. जमीन, हवा, आकाश यांतून आपल्याला वर्षाला मिळतात सरासरी चोवीसशे. म्हणजे हिशेब एका दिवसाच्या आतबाहेरचा. ओपीजीचा डोस त्याच्या काही पट; सीबीसीटीचा क्षेत्राच्या आकारानुसार काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत, म्हणूनच लहान क्षेत्राचा आग्रह. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने 2024 साली शिशाचा एप्रन आणि गळ्याचा पट्टा यांची गरज उरलेली नाही, असंही सांगून टाकलं; झोत नेमका रोखणं जास्त मोलाचं. आपल्याकडे या यंत्रांवर मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते आणि दवाखान्याने यंत्राची नोंदणी केलेली असावी लागते. तेव्हा भीती एक्स-रेची धरायची तर ती विनाकारण काढलेल्या मोठ्या स्कॅनची धरावी, कोन बदलून काढलेल्या दुसऱ्या छोट्या चित्राची नव्हे. ‘एकच काढा डॉक्टर’ असा हट्ट धरणारा रुग्ण वाचवतो ते पाच मायक्रोसिव्हर्ट, आणि बदल्यात मूळ चुकण्याचा धोका पत्करतो.

वाचकाला सांगण्यासारखं एवढंच. रूट कॅनॉल, अक्कलदाढ किंवा तारा, काहीही असो, काढलेलं प्रत्येक चित्र मागून घ्या आणि जपा. डॉक्टर बदलला तरी जुनं चित्र सोबत न्या. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर आला तर तो पुरेसा नाही, कारण त्यात बारीक रेघा मरतात. मूळ डिजिटल फाइल ईमेलने किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. सीबीसीटी झाला असेल तर छापील पानांवर समाधान मानू नका. त्यांत कोणीतरी निवडलेलेच काप असतात, आणि पुढच्या डॉक्टरला नेमका तिसराच काप हवा असतो.